मॉकटेल घरी करताना : ते दोन थेंब कशाचे?

लग्नाच्या दावतीत हल्ली मॉकटेलचा काउंटर असतोच. मग मुलं घरीही तेच मागतात आणि अम्मी मोबाइलवर कृती शोधू लागतात. बऱ्याच कृतींत शेवटी एक निरुपद्रवी ओळ असते : बिटर्सचे दोन-तीन थेंब. तिथे थांबा. अंगोस्तुरा या प्रसिद्ध बिटर्समध्ये ४४.७ टक्के अल्कोहोल असतं. बाटली छोटी, दिसायला औषधासारखी, म्हणून लक्षात येत नाही.

थेंब घालतात त्याला कारण आहे. नुसतं गोड-आंबट पेय दोन घोटांत कंटाळवाणं होतं, त्याला थोडा कडवटपणा लागतो. तो आपल्या स्वयंपाकघरात आहेच. कपभर उकळत्या पाण्यात दोन छोटे चमचे चहापत्ती आणि दोन लवंगा घाला, पाच मिनिटं झाकून ठेवा, गाळून थंड करा. झाले तुमचे बिटर्स! रात्री मुलांना चहा नको असेल तर पाक करतानाच त्यात संत्र्याची साल टाकून दहा मिनिटं ठेवा. सालीचा आतला पांढरा भाग काढू नका, कडूपणा त्यातच असतो.

पाक म्हणजे वाटीभर साखर, वाटीभर पाणी, विरघळेपर्यंतच गरम. थंड शरबतात साखर ढवळत बसलं की ती तळाशीच राहते.

आता घट्ट झाकणाच्या बरणीत दोन मोठे चमचे लिंबाचा रस, तेवढाच पाक, तेवढाच चहाचा अर्क आणि पाच-सहा बर्फाचे खडे. बरणीला बाहेरून दव धरेपर्यंत जोरात हलवा. ताज्या बर्फावर गाळा आणि मग वरून सोडा ओता. सोडा बरणीत कधीच नाही! मी एकदा घातला होता. झाकण उडालं आणि ओटा, भिंत, माझा दुपट्टा सगळं चिकट झालं.

पुदिना कुटू नका, कडू-हिरवा लगदा होतो. पानं तळहातावर ठेवून एक टाळी वाजवा, वास सुटतो. लिंबाऐवजी कोकमाचं आगळ वापरलंत तर वेगळं मीठ नको, आगळात ते असतंच.

मधुमेह असलेल्या दादींसाठी हेच पेय पाक न घालता करा. चहा-लवंगेमुळे ते फिकं लागत नाही, आणि दस्तरखानावर त्यांच्यापुढेही सगळ्यांसारखाच ग्लास येतो. ग्लास मात्र अर्धा तास आधी फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे बर्फ लवकर वितळून पेय पाणचट होत नाही.