इंटरनेटची चावी नेमकी कोणाकडे असते?

तुम्ही फोनवर बँकेचा पत्ता टाईप करता तेव्हा फोन आधी डीएनएसला विचारतो, "या नावाचा आयपी ॲड्रेस काय?" जे उत्तर येईल त्यावर तो विश्वास ठेवतो. ते उत्तर मध्येच कोणी बदललं तर तुम्ही भलत्याच सर्व्हरवर जाऊन पोहोचाल. (एचटीटीपीएस इथे बरंच वाचवतं, पण ब्राउझरची वॉर्निंग न वाचता पुढे जाणारे कमी नाहीत.)

२००८ मध्ये डॅन कामिन्स्की या अमेरिकन संशोधकाला असं खोटं उत्तर घुसवायची सोपी युक्ती सापडली. डीएनएसच्या प्रत्येक प्रश्नाला एक नंबर असतो, पण तो ६५,५३६ पैकीच एक. भराभर अंदाज मारले की जुळतो. चूक कुठल्या एका कंपनीची नव्हती, मूळ रचनेतच होती. एकाने आधी पॅच काढला असता तर तो बघून हॅकर बाकीच्यांवर तुटून पडले असते. म्हणून एरवी एकमेकांचे स्पर्धक असलेले लोक मार्चअखेरीस मायक्रोसॉफ्टच्या कॅम्पसवर गुपचूप भेटले आणि ८ जुलैला सगळ्यांचे पॅच एकदमच आले. तोपर्यंत गुपित फुटलं नाही, हे मला पॅचपेक्षा भारी वाटतं.

तरी ती मलमपट्टीच होती. पक्का इलाज म्हणजे डीएनएससेक, म्हणजे प्रत्येक उत्तरावर डिजिटल सही. तुमच्या साइटच्या सहीची खात्री 'डॉट इन' देतं आणि 'डॉट इन'ची खात्री सगळ्यात वरचा 'रूट' देतो. मग रूटची चावी कोणाकडे ठेवायची? एका देशाकडे दिली तर बाकीचे का मानतील? कंपनीकडे दिली तर आणखी पंचाईत.

बँकेचा लॉकर आठवा. एक चावी बँकेची, एक आपली, दोन्ही लागल्याशिवाय उघडत नाही. इथेही तसंच केलं, फक्त जास्त चाव्यांनी. रूटची चावी एका यंत्रात असते आणि यंत्र फोडायला गेलं तर ते आतला डेटा पुसून टाकतं. व्हर्जिनिया आणि कॅलिफोर्नियातल्या दोन केंद्रांत ही यंत्रं आहेत. तिजोरी 'आयकॅन' या ना-नफा संस्थेचे कर्मचारी उघडतात. पण यंत्र चालू करायची स्मार्टकार्डं ज्या खणांत असतात, त्यांच्या चाव्या वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांकडे. प्रत्येक केंद्राला सात जण, त्यातले किमान तीन हजर हवेत. पहिली 'की सेरेमनी' जून २०१० मध्ये झाली. आता वर्षातून चार वेळा होते, तीही लाइव्ह. मी एक पाहिली. निम्मा वेळ सीरियल नंबर मोठ्याने वाचण्यात जातो! कंटाळवाणं आहे, पण कोणालाही घरबसल्या पडताळता यावं म्हणूनच ते तसं ठेवलंय.

फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातली तिजोरीच उघडेना, सेरेमनी पुढे ढकलावी लागली. नंतर कोविड आला, विमानं बंद. तेव्हा काही जणांनी आपल्या चाव्या सीलबंद पाठवल्या आणि एप्रिलमध्ये तीन महिन्यांऐवजी नऊ महिन्यांच्या सह्या एकदम करून ठेवल्या. नियम वाकवला, पण सगळ्यांसमोर, कॅमेऱ्यावर.

एवढं असूनही असंख्य साइट्सनी अजून आपली सही जोडलेली नाही, तिथे याचा उपयोग शून्य. आणि सही असली तरी तुमचा डीएनएस ती तपासणारा हवा. गूगलचा ८.८.८.८ आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हे दोन्ही तपासतात.