माथ्यापासून पायथ्यापर्यंत

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी तालुक्यातील सुर्डी गावाने २०१९ साली पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळवला. ऐन उन्हाळ्यातली ही स्पर्धा श्रमदानाची होती. पण नुसत्या घामाने पाणी अडत नाही, त्यामागे शास्त्र आहे.

हेक्टरभर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. सोलापूर जिल्ह्याची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे हेक्टरी सुमारे ५५ लाख लिटर. हे पाणी थोडक्या दिवसांत, जोराच्या सरींनी येतं आणि माती घेऊन ओढ्याला लागतं. म्हणून काम माथ्यावरून सुरू करायचं: आधी डोंगरउतारावर समपातळीतले चर, मग शेतांची बांधबंदिस्ती, शेवटी ओढ्यातले बंधारे. वरचं सोडून खालीच बंधारा बांधला, तर तो गाळाने भरतो.

पाणलोट सातबारा पाहत नाही. एकाच्या शेतात चर खणला तर पाणी दुसऱ्याच्या विहिरीला उतरतं. त्यामुळे बांधावरून भांडणारे दोघे एकत्र बसल्याशिवाय हे काम पुरं होत नाही, आणि मला तरी हाच यातला सगळ्यात अवघड भाग वाटतो.

साठवलेल्या पाण्याचा हिशेबही गावानेच करायला हवा. दिवाळीच्या सुमारास विहिरींची पातळी मोजायची, पिण्याचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढायचं, उरलेल्यात ज्वारी-हरभरा किती बसतो ते ग्रामसभेत ठरवायचं. ऊस आणि नव्या बोअरवेलचा प्रश्नही तिथेच, सगळ्यांसमोर काढायचा.