डोळे बोलू लागतात तेव्हा

अंगावरून वारे गेलेला माणूस अंथरुणावर पडून असतो. वाचा गेलेली, हात हलत नाही. भेटायला आलेली मंडळी त्याच्यासमोरच म्हणतात, "आता त्यांना काही कळत नाही." आमच्या शेजारच्या काकांविषयी आम्हीही तसेच समजून चाललो होतो. एके दिवशी त्यांची सून म्हणाली, "भाऊ, चहा म्हटलं की मामा वर बघतात." आम्ही खजील झालो. काकांना कळत होते, आम्ही पाहत नव्हतो.

अशा माणसांसाठी आज नजरेचा माग घेणारी यंत्रे आहेत. संगणकाच्या पडद्याखालून डोळ्यांवर न दिसणारे अवरक्त किरण सोडतात. त्यांचा चमकता ठिपका डोळ्यात उमटतो. हा ठिपका आणि डोळ्याची बाहुली कॅमेरा टिपतो व नजर पडद्यावर कोठे आहे हे संगणक ताडतो. अक्षरावर नजर क्षणभर स्थिर ठेवली की ते अक्षर उमटते. शब्द जुळला की यंत्र तो मोठ्याने बोलते. एएलएस या आजारात हातपाय आणि जीभ थकत जातात, परंतु डोळ्यांची हालचाल बहुधा टिकून राहते. त्या रुग्णांना याचा मोठा आधार झाला आहे. २०१७ साली विंडोज १० मध्ये आणि २०२४ साली आयफोन-आयपॅडवरही नजरेने चालवण्याची सोय आली.

खास यंत्रे मात्र महाग असतात. मग गरिबाने काय करावे? फ्रान्समधील संपादक जाँ-दोमिनिक बॉबी यांना डिसेंबर १९९५ मध्ये झटका आला. हलत होती ती फक्त डाव्या डोळ्याची पापणी. समोरची व्यक्ती एकेक अक्षर म्हणे, हव्या त्या अक्षराला ते पापणी मिटत. अशा रीतीने लिहिलेले त्यांचे पुस्तक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे कोणतेही यंत्र नव्हते. ऐकून घेणारा माणूस होता.

घरीही हे जमते. जाड पारदर्शक प्लॅस्टिकच्या चार कोपऱ्यांत 'होय', 'नाही', 'पाणी', 'दुखते' असे ठळक लिहा. तक्ता दोघांच्या मध्ये धरा, प्रश्न विचारा आणि रुग्ण कोणत्या कोपऱ्याकडे पाहतो ते बघा. हे जमले की कोपऱ्यांत 'क' ते 'ङ', 'च' ते 'ञ' असे अक्षरांचे वर्ग लिहावेत. काही रुग्णांची समज वा नजरही बाधित असते, म्हणून डॉक्टरांचा व वाचा-उपचारतज्ज्ञांचा सल्ला जरूर घ्यावा.

काकांचा तक्ता त्यांच्या नातीने केला. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी 'दुखते'कडे पाहिले. पाठ उघडून पाहिली, तर जखम झालेली होती.