विश्लेषण : शस्त्रे सापडलीच नाहीत, मग इराक युद्ध झाले कशासाठी? हेतू आणि नैतिकतेचा वाद अजून का मिटत नाही?

अमेरिका आणि ब्रिटनच्या फौजा २० मार्च २००३ रोजी इराकमध्ये शिरल्या. तीन आठवड्यांत बगदाद पडले, डिसेंबरमध्ये सद्दाम हुसेन हाती लागला. पण ज्या महासंहारक शस्त्रांचे नाव घेऊन हे युद्ध पुकारले गेले, ती काही सापडली नाहीत. तेव्हापासून एक प्रश्न ब्रिटन-अमेरिकेच्या सार्वजनिक जीवनातून हटायला तयार नाही : तत्कालीन नेते खोटे बोलले, की त्यांची चूक झाली? दुसरा प्रश्नही तितकाच जुना, पण कायम पहिल्याच्या सावलीत राहिलेला : समजा हेतू प्रामाणिक होता, तरी हे युद्ध न्याय्य ठरते का?

युद्धाचे कारण नेमके काय सांगितले गेले?

एक कारण नव्हतेच. श्रोते बदलले की कारण बदलत असे. संयुक्त राष्ट्रांत शस्त्रांची चर्चा होई, अमेरिकी जनतेसमोर ९/११ आणि दहशतवादाचा संदर्भ येई, उदारमतवाद्यांपुढे इराकी जनतेच्या मुक्तीचा. सद्दामला हटवण्याची मागणी तर ९/११च्याही आधीची. बिल क्लिंटन अध्यक्ष असताना, १९९८ मध्येच अमेरिकी काँग्रेसने ‘इराक मुक्ती कायदा’ मंजूर करून तिथला सत्ताबदल हे अधिकृत धोरण ठरवले होते. अमेरिकेचे तत्कालीन उपसंरक्षणमंत्री पॉल वुल्फोवित्झ यांनी मे २००३ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ला दिलेल्या मुलाखतीत तर मोकळेपणाने सांगून टाकले, की शस्त्रांचा मुद्दा पुढे आला, कारण प्रशासनात सगळ्यांचे एकमत होईल असा तोच एक होता.

हा मुद्दा लोकांच्या गळी उतरवला गेला तो दोन घटनांतून. ब्रिटिश सरकारने सप्टेंबर २००२ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. इराक आपली काही शस्त्रे ४५ मिनिटांत वापरासाठी सज्ज करू शकतो, असे त्यात म्हटले होते. मूळ माहिती रणांगणावरील तोफगोळ्यांसारख्या छोट्या शस्त्रांबद्दल होती. वृत्तपत्रांनी मात्र ‘४५ मिनिटे’ असे मोठे मथळे केले, आणि सरकारनेही कुणाचा गैरसमज दूर करण्याची घाई केली नाही. दुसरी घटना ५ फेब्रुवारी २००३ची. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत हाती छोटी कुपी धरून इराककडील जैविक शस्त्रांचा धोका वर्णन केला. इराकमधील फिरत्या प्रयोगशाळांबद्दल ते जे बोलले, ते मुख्यत: ‘कर्व्हबॉल’ हे टोपणनाव दिलेल्या, जर्मनीत आश्रय घेतलेल्या एका इराकी माणसाच्या जबानीवर आधारलेले होते. ती जबानी खोटी असल्याचे त्याने स्वत:च २०११ मध्ये ‘द गार्डियन’ला सांगितले. पॉवेल यांनी या भाषणाला पुढे आपल्या कारकिर्दीवरील डाग म्हटले.

विरोधकांचे म्हणणे काय होते?

१५ फेब्रुवारी २००३ या एका दिवशी जगभरच्या शेकडो शहरांत लोक रस्त्यावर उतरले. लंडनमधील मोर्चात पोलिसांच्या मते साडेसात लाख, तर आयोजकांच्या मते त्याच्या दुपटीहून अधिक माणसे होती. पोप जॉन पॉल दुसरे यांनी आपला दूत थेट जॉर्ज बुश यांच्याकडे पाठवला. ‘न्याय्य युद्धा’ची कल्पना ख्रिस्ती धर्मविचारातूनच वाढलेली आहे. कारण न्याय्य हवे, अधिकार असलेल्या संस्थेने निर्णय घेतलेला हवा, इतर सगळे उपाय थकलेले हवेत आणि होणारी हानी साध्य होणाऱ्या हितापेक्षा मोठी नको, अशा तिच्या ढोबळ कसोट्या. बुश आणि ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर हे दोघेही श्रद्धाळू ख्रिस्ती. त्यांच्याच परंपरेतले धर्मगुरू त्यांना या कसोट्यांची आठवण करून देत होते.

पण विरोधातील सर्वात धारदार युक्तिवाद मोर्चात नव्हे, ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये झाला. माजी परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी १७ मार्च रोजी मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना ब्लेअर यांना खोटारडे म्हटले नाही. त्यांच्या सचोटीबद्दल शंका घेणाऱ्यांच्या पंक्तीत त्यांना बसायचेच नव्हते. त्यांनी फक्त विसंगती दाखवली. सद्दामचे सैन्य दुबळे असल्याने युद्ध काही दिवसांत संपेल, असे एकीकडे गृहीत धरायचे आणि दुसरीकडे तो इतका धोकादायक आहे की आधीच हल्ला करायला हवा, असे सांगायचे. दोन्ही एकाच वेळी कसे चालेल? नेहमीच्या अर्थाने ज्यांना महासंहारक शस्त्रे म्हणतात तशी इराककडे बहुधा नसावीत, असेही ते म्हणाले. हान्स ब्लिक्स यांचे निरीक्षक तेव्हा इराकमध्ये काम करत होते आणि त्यांना आणखी काही महिने हवे होते. तरीही १८ मार्चला कॉमन्सने युद्धाच्या बाजूने ४१२ विरुद्ध १४९ असा कौल दिला. ब्लेअर यांच्याच मजूर पक्षाच्या १३९ सदस्यांनी युद्धाची गरज सिद्ध झालेली नाही, अशा आशयाच्या दुरुस्तीला साथ दिली होती. सरकारला तारले ते विरोधी बाकांवरील हुजूर पक्षाने.

पाठिंबा देणारे सगळेच युद्धखोर होते का?

नाही, आणि इथेच हा वाद सोपा राहत नाही. सद्दामच्या राजवटीने मार्च १९८८ मध्ये हलबजा या कुर्द शहरावर विषारी वायूचा मारा करून सुमारे पाच हजार माणसे मारली होती. अशा राजवटीला बाहेरून कुणी हटवायचेच नाही का, हा प्रश्न विचारणाऱ्यांत चेक प्रजासत्ताकाचे अध्यक्ष व्हॅक्लाव हॅवेल होते, इराकमधून परागंदा झालेले लेखक कनान मकिया होते, डाव्या विचारांतून आलेले पत्रकार ख्रिस्तोफर हिचन्स होते. यांतल्या कुणाला इराकच्या तेलाची टक्केवारी मिळणार नव्हती. युद्ध टळले असते तर सद्दाम आणि त्याच्या तुरुंगांचे काय, याचे समाधानकारक उत्तर मोर्चेकऱ्यांकडे नव्हतेच. बगदादमध्ये एक उत्तर मिळते आणि इराकच्या कुर्दिस्तानात दुसरे, त्याचेही कारण हेच.

मात्र मुक्तीचा युक्तिवाद करणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली : मुक्त करणाऱ्यांपाशी पुढची काही योजना असेल. ती जवळपास नव्हतीच. इराकी सैन्य बरखास्त झाले, शस्त्र चालवता येणारी लाखो माणसे बेकार झाली, अबू गरीबच्या तुरुंगातील छळाची छायाचित्रे २००४ मध्ये जगाने पाहिली. ‘इराक बॉडी काउंट’ या गटाने वृत्तांच्या आधारे नोंदवलेले नागरी बळी दोन लाखांच्या घरात जातात. ‘द लॅन्सेट’मधील २००६ च्या पाहणीने तोवरच्या जादा मृत्यूंचा अंदाज साडेसहा लाखांवर नेला, त्या पद्धतीवर मोठा वाद झाला. मेलेल्यांची संख्याच निश्चित नसताना ‘हानी हितापेक्षा मोठी नको’ ही कसोटी लावायची तरी कशी, याचे उत्तर कोणत्याच बाजूने दिलेले नाही.

मग हे युद्ध तेलासाठीच होते का?

भारतात हा प्रश्न विचारला की उत्तर ‘अर्थात’ असेच येते. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन यांनीही २००७ मध्ये तसेच लिहिले, आणि वाद झाल्यावर हा प्रशासनाचा हेतू असल्याचे आपल्याला म्हणायचे नव्हते, अशी सारवासारव केली. इराककडे तेल नसते तर तिथे कोण सत्तेवर आहे याची वॉशिंग्टनला एवढी फिकीर नसती, इतके म्हणता येते. पण ‘तेल लुटण्यासाठी’ हे उत्तर पुढच्या घडामोडींशी नीट जुळत नाही. इराकने २००९ मध्ये तेलक्षेत्रांचे लिलाव केले. सर्वात मोठे रुमैला क्षेत्र ब्रिटनची बीपी आणि चीनची सरकारी कंपनी यांच्या हाती गेले, तेही पिंपामागे अवघ्या दोन डॉलरच्या मेहनतान्यावर. रशियाच्या ल्युकऑइलला मोठा वाटा मिळाला. अमेरिकी कंपन्यांत एक्सॉनमोबिल आणि ऑक्सिडेंटल यांना काही हाती लागले, इतकेच. इराकी तेलाचे मोठे ग्राहक ठरले ते चीन आणि भारत. २०१७-१८ मध्ये तर इराकने सौदी अरेबियाला मागे टाकत भारताला सर्वाधिक तेल पुरवले. यावरून तेल हा हेतू नव्हताच असे सिद्ध होत नाही. फसलेला हेतूही हेतूच असतो.

चिलकॉट अहवालाने काय ठरवले?

ब्रिटनमध्ये सर जॉन चिलकॉट यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी २००९ मध्ये सुरू झाली. अहवाल आला ६ जुलै २०१६ रोजी : १२ खंड आणि सुमारे २६ लाख शब्द. शांततेचे मार्ग संपण्याआधीच ब्रिटन युद्धात उतरला आणि त्या वेळी युद्ध हा अखेरचा उपाय नव्हता, असा त्याचा निष्कर्ष. शस्त्रांचा धोका जितक्या ठामपणे मांडला गेला, तितकी ठाम माहिती हाती नव्हती. इराकमधील अंतर्गत यादवी, इराणचा हस्तक्षेप आणि अल कायदाचा शिरकाव हे धोके आधी लक्षात आले नव्हते, ही सबबही अहवालाने फेटाळली. त्यांची सूचना युद्धापूर्वीच मिळालेली होती. ब्लेअर यांनी जुलै २००२ मध्येच, म्हणजे संसदेतील मतदानाच्या आठ महिने आधी, काहीही झाले तरी आपण सोबत असू, असे बुश यांना लिहून कळवल्याचेही त्यातून समोर आले.

अहवालात ब्लेअर यांच्यावर खोटेपणाचा ठपका मात्र नव्हता. वर्षभराने बीबीसीला दिलेल्या मुलाखतीत चिलकॉट म्हणाले, की ब्लेअर भावनिकदृष्ट्या सच्चे होते, पण तथ्यांपेक्षा विश्वासावर विसंबले. देशाशी ते पुरेसे सरळ वागले नाहीत. ब्लेअर यांनी मृतांबद्दल दु:ख व्यक्त केले आणि तीच परिस्थिती असती तर पुन्हा तोच निर्णय घेतला असता, असेही सांगितले.

‘ते खोटे बोलले का’ या प्रश्नाने सगळा वाद व्यापला, हे सत्तेवर असलेल्यांच्या पथ्यावरच पडले. खोटेपणा सिद्ध करायला मनात डोकावावे लागते, ते कुणालाच जमत नाही. मग संशयाचा फायदा आपोआप मिळतो. निष्काळजीपणा सिद्ध करायला कागदपत्रे पुरतात. स्वत:च्या खात्रीला विरोध करणारी माहिती ऐकायचीच नाही, असे ठरवलेला माणूस खोटे न बोलताही देशाला युद्धात नेऊ शकतो. एखाद्या शल्यविशारदाने तपासण्या न वाचताच मोठी शस्त्रक्रिया केली, तर त्याचा हेतू रोग्याला बरे करण्याचाच होता, हे बचावाचे कारण म्हणून कुणी ऐकून घेणार नाही.

भारताने कोणती भूमिका घेतली?

वाजपेयी सरकारने आधी सावध ‘मध्यम मार्ग’ धरला होता. विरोधकांच्या दबावानंतर एप्रिल २००३ मध्ये, मनोहर जोशी अध्यक्ष असताना, लोकसभेने युद्धाविरोधात एकमताने ठराव केला. हिंदीत शब्द होता ‘निंदा’; इंग्रजीत मात्र धिक्कारापेक्षा सौम्य, खेदाच्या जवळ जाणारा शब्द वापरला गेला. मुत्सद्देगिरी अशी दोन भाषांच्या फटीत बसवण्यात आली. खरी परीक्षा नंतर आली. इराकमध्ये बंदोबस्तासाठी सुमारे १७ हजार भारतीय सैनिक पाठवावेत, अशी अमेरिकेची मागणी होती. संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाविना सैन्य पाठवणार नाही, असे सरकारने १४ जुलै २००३ रोजी जाहीर केले.

या वादाने पुढे काय बदलले?

ऑगस्ट २०१३ मध्ये दमास्कसजवळच्या घौटा भागात रासायनिक हल्ला झाला. सीरियावर कारवाईचा प्रस्ताव डेव्हिड कॅमेरून यांनी कॉमन्समध्ये मांडला आणि तो २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला गेला. चर्चेत इराकचे नाव वारंवार आले. शस्त्रे नव्हती तिथे संसदेने युद्धाला होकार दिला होता; जिथे ती खरोखर वापरली गेली, तिथे तिने नकार दिला.

कायद्याच्या बाजूने मात्र फारसे काही हाती लागलेले नाही. ब्रिटनचे ॲटर्नी जनरल लॉर्ड गोल्डस्मिथ यांनी ७ मार्च २००३ च्या सविस्तर सल्ल्यात बऱ्याच शंका मांडल्या होत्या. दहा दिवसांनी संसदेपुढे आलेल्या त्यांच्या छोट्या उत्तरात त्या उरल्या नव्हत्या. परराष्ट्र खात्यातील कायदा सल्लागार एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट यांनी हे युद्ध बेकायदा असल्याचे सांगत पद सोडले. चिलकॉट समितीने वैधतेवर निवाडा दिला नाही. वैधता ज्या पद्धतीने ठरवली गेली ती अजिबात समाधानकारक नव्हती, एवढेच म्हटले. अहवालानंतर इराकचे माजी लष्करप्रमुख अब्दुल वाहिद अल रब्बत यांनी ब्लेअर यांच्याविरुद्ध ‘आक्रमणाच्या गुन्ह्या’साठी खासगी खटला चालवण्याची परवानगी लंडनमध्ये मागितली. ३१ जुलै २०१७ रोजी उच्च न्यायालयाने ती नाकारली. ब्लेअर निर्दोष आहेत, असे कारण न्यायालयाने दिले नाही. इंग्लंडच्या कायद्यात आक्रमण नावाचा गुन्हाच नाही, असे ते कारण होते.