हवाई सुंदरींची चाकरी
विमानाचा दरवाजा बंद होताच हवाई सुंदरी ज्या कामाला प्रथम हात घालते, ते बहुतेक उतारूंच्या ध्यानातही येत नाही: दरवाजाच्या बुडाशी घडी करून ठेवलेली, संकटसमयी क्षणार्धात फुगून बाहेर उलगडणारी घसरगुंडी ती सज्ज करते आणि समोरच्या दरवाजावरील सहकाऱ्याचे काम डोळ्यांनी पडताळून घेते. निम्मी दारे निरुपयोगी झाली तरी भरलेले विमान 90 सेकंदांत रिते व्हावे, या कसोटीवर मोठी प्रवासी विमाने पारखली जातात. आणि ते रिते करण्याची जबाबदारी जिच्या शिरावर, तिची योग्यता चहाफराळाच्या तबकावरून ठरवणे हा घोर अन्याय होय.

सेवानियमांतही तो अन्याय दीर्घकाळ नांदत होता. एअर इंडियात पुरुष पर्सर 58 व्या वर्षापर्यंत चाकरी करीत, तर हवाई सुंदरीस 35 वे वर्ष, रुजू झाल्यापासून चार वर्षांच्या आत विवाह, किंवा पहिले गर्भारपण, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा निवृत्त व्हावे लागे. पुढील मुदतवाढ सर्वस्वी व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर. हवाई सुंदरी नर्गेश मिर्झा यांच्या खटल्यात 1981 साली सर्वोच्च न्यायालयाने गर्भारपणाची अट आणि ही अनिर्बंध मर्जी रद्दबातल ठरवली. विवाहाची अट मात्र त्याच निकालाने कायम राखली, याचा विषाद वाटल्यावाचून राहत नाही.