लाकडी नंदी आणि बाळाची परीक्षा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा. मोहाडीला जा, पवनीला जा, नाहीतर लाखांदूरकडच्या एखाद्या तलावाकाठच्या खेड्यात जा. एक देखावा सगळीकडे सारखाच दिसेल. आदल्या दिवशी खऱ्या बैलांचा मान झालेला असतो. आज मान असतो लाकडी बैलांचा, म्हणजे त्यांच्या धन्यांचा. नवे कपडे घातलेली, डोळ्यांत काजळ घातलेली पोरे चाकांचे नंदी दोरीने ओढीत रस्त्याने निघतात. कोणाचा नंदी हातभर उंच, कोणाचा मुठीएवढा. घरोघरी आयाबाया ओवाळतात, पोरांच्या हातावर बोजाऱ्याचे पैसे ठेवतात. आपल्या विदर्भातला हा तान्हा पोळा.

मोठी माणसे ही मौज कौतुकाने पाहतात आणि घरी जातात. परंतु या घोळक्याकडे एखादी व्यवसायोपचार शिकलेली बाई पाहू लागली, तर तिला त्यात आणखी पुष्कळ काही दिसेल. कोणते पोर दोरी कोणत्या हाताने धरते, खड्डा आला की काय करते, नंदीला गवत चारते की नाही, रांगेत आपली पाळी येईपर्यंत थांबते की नाही, हे सारे ती मनात टिपून ठेवील. कारण तिच्या लेखी ही पोरांची परीक्षाच चाललेली असते. गंमत एवढीच की, परीक्षा चालू आहे हे परीक्षार्थींना ठाऊक नसते.

‘व्यवसाय’ कोणाचा?

‘व्यवसायोपचार’ हा शब्द ऐकून पुष्कळांची फसगत होते. उपचाराने माणसाला नोकरीधंदा लावून देणारी ही विद्या असावी, असे वाटते. खरे म्हणजे येथे व्यवसाय म्हणजे माणसाचा दिवस ज्यात जातो ते सगळे. उठणे, तोंड धुणे, जेवणे, कपडे घालणे, काम करणे, चार माणसांत मिसळणे. दुखण्याने किंवा अपंगत्वाने यातले जे हातचे गेले, किंवा कधी हाती आलेच नाही, ते मिळवून देणे हे या उपचाराचे काम. आता पाच वर्षांच्या पोराचा व्यवसाय कोणता? अर्थात खेळणे! म्हणून या विद्येत मुलाचा खेळ हा करमणुकीचा विषय नसून तपासणीचा विषय असतो.

ही विद्या आपल्याकडे आणण्याचे श्रेय कमलाबाई निंबकरांकडे जाते. जन्माने त्या अमेरिकन, क्वेकर घराण्यातल्या; माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. निंबकरांच्या घरात त्या सून म्हणून आल्या आणि येथल्याच झाल्या. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले आणि १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाची देशातली पहिली शाळा काढली. १९५२ साली व्यवसायोपचारकांचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता, तो या पायाभरणीमुळेच. मुंबईपाठोपाठ १९५८ साली नागपुरास शाळा निघाली. म्हणजे भंडाऱ्याहून अवघ्या साठेक किलोमीटरांवर ही विद्या येऊन पोचली, त्यालाही आता साठ वर्षे उलटून गेली. तरी आपल्या खेड्यांतल्या किती आयांना तिचे नाव ठाऊक आहे?

बाळूची गोष्ट

एक घर आपण कल्पनेने उभे करू. पवनी तालुक्यात वैनगंगेच्या अंगाला असलेले खेडे. घरी चार एकर धान, आजी, आई, बाप आणि पाच वर्षांचा बाळू. बाळू दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मला आणि जन्मतःच रडला नाही. चालायला लागला तो तिसऱ्या वर्षी. उजव्या हाताची मूठ नेहमी आवळलेली. बोलतो, पण थोडे आणि अडखळत. शेजारपाजारचे दबक्या आवाजात म्हणतात, “पोरगा मंद आहे.” आजी म्हणते, “याचा बापही उशिराच चालला होता. होईल हळूहळू.” आई काहीच म्हणत नाही. ती त्याला भरवते, आंघोळ घालते, कपडे घालून देते आणि कडेवर घेऊन धुऱ्याने शेतावर जाते.

यात चुकते कोण? खरे सांगायचे तर माया सगळ्यांचीच आहे. पण शाळेत नाव घालायची वेळ आली आहे, आणि ‘मंद’ हा एक शब्द एकदा कागदावर चढला की तो पुसता पुसत नाही. म्हणून शब्द चढण्याआधी तपासणी नीट झाली पाहिजे.

ही तपासणी दोन वाटांनी होते. एक वाट विचारण्याची, दुसरी पाहण्याची.

विचारण्याची वाट

अमेरिकेतल्या व्हाइनलँड या गावच्या शाळेत एडगर डॉल या मानसशास्त्रज्ञाने १९३५ साली एक मोजपट्टी तयार केली. मुलाला कोडी घालायची नाहीत, गणिते विचारायची नाहीत. त्याच्या आईलाच विचारायचे की, मूल रोजच्या रोज आपले आपण काय काय करते? त्या मोजपट्टीत ११७ कलमे होती. तिचे भारतीय रूप सिद्ध झाले ते आपल्या नागपुरात. डॉ. ए. जे. मॅलिन यांनी तेथल्या बाल मार्गदर्शन केंद्रातून ते तयार केले. त्यात पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ८९ कलमे आहेत आणि आजही देशभर ती वापरली जातात.

रूप बदलावे का लागले, हे कळायला फार विद्वत्ता नको. मूळ मोजपट्टीत ‘मोजे ओढून काढतो’ असे एक कलम आहे. आता आपल्या बाळूने जन्मात मोजे पाहिले नसतील, तर तो नापास कशात झाला? काट्याने खाता येते का, हेही त्याला विचारण्यात अर्थ नाही. मात्र गरम भातावर वरण घेऊन, पाचही बोटांनी कालवून, न सांडता घास तोंडात घालणे ही बोटांची केवढी कसरत आहे, ते भाताच्या मुलखातल्या माणसाला सांगायला नको. मोजपट्टी मुलाच्या घरातली पाहिजे, परक्या घरातली नव्हे.

तर बाळूच्या आईला विचारले जाते. आपल्या हाताने जेवतो? “नाही, मी भरवते.” सदरा काढतो? “मीच काढते.” शी-शूला जायचे सांगतो? “सांगतो.” शेजारी एकटा जातो? “आजी जाऊ देत नाही.” सगळी उत्तरे मांडून बेरीज केली की ‘सामाजिक वय’ निघते. समजा, ते तीन वर्षे निघाले. प्रत्यक्ष वय पाच. तिनाला पाचाने भागून शंभराने गुणले की आकडा येतो ६०. आणि येथेच धोका असतो. उतावळा माणूस हा आकडा पाहून म्हणेल, “पाहा, लोक म्हणत होते तेच खरे!”

पाहण्याची वाट

परंतु शहाणी बाई येथे थांबत नाही. ती बाळूला अंगणात सोडते, त्याचा नंदी त्याच्या हाती देते आणि आपण जरा बाजूला बसते. सुझन नॉक्स या अमेरिकन व्यवसायोपचारक बाईंनी सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा खेळ मापण्याची एक रीत घालून दिली आहे. अर्धा तास घरात, अर्धा तास बाहेर, मूल मोकळेपणी खेळत असता पाहायचे. पाहायच्या गोष्टी चार. आपल्या भाषेत त्यांना स्थळ, साहित्य, सोंग आणि सोबत म्हणता येईल.

स्थळ म्हणजे अंग कसे हलते, जागेत कसे वावरते. बाळू उजवा पाय किंचित ओढतो, पण उंबरठा ओलांडताना आधी डावा पाय टाकायचे त्याने स्वतःच शोधून काढले आहे. साहित्य म्हणजे वस्तू कशी हाताळतो. दोरी डाव्या हाताने ओढतो. ती सुटली की उजव्या हाताच्या आवळलेल्या मुठीत खुपसतो आणि मग डाव्याने गाठ सोडवू पाहतो. म्हणजे उजवा हात निकामी नाही, कामाची वाट पाहत आहे. सोंग म्हणजे लटके-लटके खेळणे. बाळू नंदीपुढे गवताची काडी धरतो, त्याला पाणी दाखवतो, तो ‘खात नाही’ म्हणून रागावतो आणि शेवटी त्याला गोठ्यात, म्हणजे आजीच्या पाटाखाली, निजवतो! जो मुलगा अशी चार पायऱ्यांची गोष्ट मनात रचून ती खेळून दाखवतो, त्याच्या बुद्धीविषयी घाईने निकाल कोण देईल?

राहिली सोबत. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ सालीच दाखवून दिले होते की, मुले आधी एकेकटी खेळतात, मग दुसऱ्याचा खेळ पाहतात, मग शेजारी बसून आपापले खेळतात आणि शेवटी मिळून खेळतात. बाळू कुंपणापाशी उभा राहून कंचे खेळणाऱ्या पोरांकडे पाहतो. आत जात नाही. कारण त्याला कधी कोणी आत नेलेच नाही.

आता दोन्ही वाटा एकत्र करा. ६० हा आकडा खोटा नव्हता. परंतु तो बाळूला काय करता येत नाही हे सांगत नव्हता. बाळू काय करत नाही एवढेच सांगत होता. करता येणे आणि करणे, या दोन गोष्टींतले अंतर मोजणे हेच या तपासणीचे मर्म आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००१ सालच्या आपल्या वर्गीकरणात हा भेद मांडला आहे. बाळूच्या बाबतीत त्या अंतरात बसली होती आई आणि आजीची माया.

उलटेही घडते, तेही सांगितले पाहिजे. एखादे मूल झरझर चालते, गोड दिसते, हट्टही करत नाही. पण ते नंदी ओढत नाही. त्याला उलटा करून तासन्‌तास एकच चाक फिरवत बसते. हाक मारली तर वळून पाहत नाही. दोन वर्षांचे झाले तरी लटके जेवण कोणाला भरवत नाही. ‘किती शहाणे बाळ, एकटे खेळते!’ म्हणून ज्याचे कौतुक होते, त्याचीच तपासणी आधी व्हायला हवी असते.

मग पुढे काय?

तपासणी म्हणजे काही शिक्का नव्हे. पुढच्या कामाची ती यादी असते. बाळूचे ताट खोल काठाचे हवे आणि त्याखाली ओले फडके, म्हणजे ते सरकणार नाही. पेल्याला दोन कान, म्हणजे उजव्या हाताला काम मिळेल. सदरा घालताना आधी दुबळा हात, काढताना तो शेवटी. शिकवताना शेवटची पायरी आधी: आईने चड्डी गुडघ्यांपर्यंत चढवावी आणि वर ओढण्याचे काम बाळूवर सोडावे. आठ दिवसांनी त्याच्या आधीची पायरी. आजीने मात्र घास न भरवता शेजारी बसून दहा मिनिटे धीर धरावा. औषधांपेक्षा हेच कठीण!

यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला वाड्यापाड्यांवरच्या मुलांसाठी बालवाडी चालवली, ती शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे यांवरच. आपल्याकडे चिंचोके आहेत, तुराट्या आहेत, तलावाकाठची चिकणमाती आहे.

आईबापांनी लक्षात ठेवण्याजोगे एवढेच. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी केली. त्यांत भारतातली मुलेही होती. तीत जवळजवळ सगळी मुले सव्वानऊ महिन्यांच्या आत आधाराशिवाय बसू लागली आणि अठरा महिन्यांच्या आत एकटी चालू लागली. यापुढे उशीर झाला तर ‘होईल हळूहळू’ म्हणून बसू नये. २०१३ साली महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी व्हावी, आणि विकासात मागे पडलेल्या मुलांना जिल्हा पातळीवरच्या केंद्राकडे पाठवावे, अशी योजना आहे. पथक आले की मुलाला लपवू नका; पुढे करा. शाळेचे म्हणाल, तर २०१६ च्या कायद्याने ठरावीक प्रमाणाइतके किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. तो मागितला पाहिजे.

दिवाळीत घर पाहुण्यांनी आणि पोरांनी भरते. फराळाच्या ताटाभोवती, पणत्यांच्या रांगेपाशी, फटाक्यांच्या गलक्यात घटकाभर नुसते पाहत बसा. त्या घोळक्यात एखादे पोर कुंपणापाशी उभे असेल. त्याच्या हातात पणतीची वात द्या आणि म्हणा, “ही तू लाव, मी धरतो.” तेल थोडे सांडेल. सांडू द्या. आणि दिवाळीची सुट्टी संपून अंगणवाडी उघडली की, त्याच्या आईबरोबर तेथपर्यंत जाऊन या.