बाळाचा पहिला घास आणि आपल्या दारचे फळ

बोईसर स्टेशनबाहेर सकाळी पाड्यांवरून आलेल्या बाया टोपल्या मांडून बसतात. हंगामाप्रमाणे कधी चिकू, कधी पपई, कधी पेरू. तारापूरच्या कारखान्यातून पाळी संपवून घरी निघालेला बाप या टोपल्या ओलांडून पुढे जातो आणि तान्ह्या बाळासाठी दुकानातून बिस्किटाचा पुडा घेतो. यात त्याच्या मायेत काही कमी नाही. घरातून त्याला बजावलेलेच असते, "फळ थंड, बाळाला सर्दी होईल. केळ्याने कफ होतो. अंगावर पित्त उठेल." आम्ही वस्त्यांमधून फिरतो तेव्हा ही वाक्ये घरोघरी ऐकू येतात. म्हणून आज या भीतीचाच विचार करू.

केव्हा सुरू करावे?

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध. वरचे पाणी, मध, फळाचा रस काहीही नको. सहा महिने पूर्ण होताच दुधासोबत वरचे अन्न सुरू करावे आणि त्यात फळ रोज असावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेला सल्लाही हाच आहे. सर्दी विषाणूंमुळे होते, केळ्या-चिकूमुळे नव्हे. फळ बंद ठेवल्याने सर्दी टळत नाही, बाळाचा घास मात्र जातो.

पोटात काय घडते?

आपल्या आतड्यात असंख्य उपकारक जिवाणू राहतात. आईच्या दुधातील काही शर्करा बाळाला पचत नाहीत. त्या या जिवाणूंचे अन्न असतात. वरचे अन्न सुरू झाले की फळे, भाज्या व डाळींतील चोथा त्यांना मिळतो. तो आंबवून ते जी आम्ले तयार करतात, त्यांवर आतड्याचे अस्तर पोसले जाते. पिकलेल्या पपईने शौचास साफ होते, बिस्किटाच्या मैद्याने होत नाही, हा तर आपल्या आज्यांचाच अनुभव. शिवाय पेरू, पपईतील क जीवनसत्त्वामुळे नाचणी व डाळीतील लोह अंगी लागते.

ॲलर्जीची भीती

पूर्वी डॉक्टरही सांगत, की अंडे, शेंगदाणा उशिरा द्या. आता हा सल्ला बदलला आहे. इंग्लंडमध्ये ६४० बाळांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना धोका अधिक होता, त्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ दिल्याने त्याची ॲलर्जी खूपच कमी झाली. युरोपातील पाच देशांच्या अभ्यासात २०१४ साली दिसले, की पहिल्या वर्षी ज्यांच्या आहारात जास्त प्रकार होते, त्या मुलांत दमा व अन्नाची ॲलर्जी कमी होती. याचा अर्थ फळ हे ॲलर्जीवरचे औषध आहे असा घेऊ नये. घाबरून पदार्थ लांबवण्यात लाभ नाही, एवढे मात्र ठरले आहे.

आंबट फळाने ओठांभोवती थोडे लाल होणे ही बहुधा ॲलर्जी नसते. पण अंगभर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, उलट्या लागल्या किंवा श्वास अडू लागला, तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना गाठावा. ज्या बाळाला तीव्र इसब आहे, त्याला शेंगदाणा देण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

कसे द्यावे?

पूर्ण पिकलेले केळे, पपई किंवा चिकू हाताने कुस्करून दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करावी. चिकूची बी आठवणीने काढावी, ती घशात अडकते. पेरूच्या बिया काढून मऊ गर द्यावा. शेंगदाणा अख्खा कधीच देऊ नये, बारीक वाटून पेजेत कालवावा. नवा पदार्थ सकाळी द्यावा, म्हणजे दिवसभर लक्ष राहते. रस पाजू नये, गरच द्यावा. मध वर्षापर्यंत नको. हात व फळ स्वच्छ धुवावे. बोअरच्या पाण्याला रंग वा वास असेल, तर ते बाळासाठी वापरू नये. उकळल्याने जंतू मरतात, रसायने जात नाहीत.

नुसत्या फळावरही बाळ वाढत नाही. नाचणी, डाळ, तेल-तूप, अंडे, मासळी हवीच. आदिवासी भागातील अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेखाली सात महिन्यांपुढील बालकांना अंडे किंवा केळी देण्याची तरतूद २०१६ साली झाली, तीही याच जाणिवेतून. आपल्या अंगणवाडीत काय मिळते, याची चौकशी मातांनी अवश्य करावी. तो बाळाचा हक्क आहे.

डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची कीर्ती दूरवर गेली. तोच चिकू आपल्या स्टेशनबाहेरच्या टोपलीत असतो. उद्या संध्याकाळी बाळासाठी काही नेताना बिस्किटाचा पुडा राहू द्या. पिकून मऊ झालेले दोन चिकू घ्या. आणि भगिनींनो, आजीने भीती घातली तर तिच्याशी भांडू नका. तिच्याच हाताने पहिला चमचा भरवा.